वायरिंग, वरीलप्रमाणे

माणसानं उगाच रजा घेऊ नये, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कचेरीत असताना माणूस फारसं काही बिघडवत नाही, कारण तिथं बिघडायचं काही शिल्लक नसतं. घरी मात्र गाडी असते.

मी शिवयोगी. सोलापुरात एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुन्या फायलींच्या खोलीत, सत्तावीस वर्षं कारकून आहे. आमची पांढरी गाडी मूळची माझ्या सासऱ्यांची, ईश्वरप्पांची. मी त्यांना मामा म्हणतो. मामा एसटीत ड्रायव्हर होते. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावर सव्वीस वर्षं लाल गाडी चालवली आणि निवृत्त झाल्यावर ही पांढरी जुनी गाडी घेतली. पाच वर्षांपूर्वी त्यांचा डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरायला लागला, तेव्हा ती त्यांनी लेकीला दिली. (लेकीला. आरसी बुकावर वैजयंतीचं नाव आहे. माझ्याकडे फक्त पेट्रोल भरायचं खातं.)

एप्रिलमध्ये मामांचा अक्कलकोटहून फोन आला.

"जावईबापू, माझं लायसन सपतंय. पुढल्या म्हैन्यात, दुसऱ्या रव्वारी."

"करू की रिन्यू."

"न्हाय. वैजूला शब्द दिलाय, आता बास म्हणून. पण त्येच्या आदी एकडाव आपली गाडी सोलापूरपासनं अक्कलकोटपत्तूर चालवायची हाय. आपला जुना रूट. मी आदल्या सांजंला येतो, त्या रव्वारी गाडी तयार ठेवा म्हणजे झालं. मग किल्लीला हात लावत न्हाय."

पंचाहत्तर वर्षांच्या माणसानं आयुष्यात जावयाकडं पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. मी "ठेवतो की" म्हणालो. चारच दिवसांनी गाडी सात रस्ता चौकात बंद पडली, ती ढकलत घरी आणली.

कुमार मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, एक वायर दोन बोटांत धरली आणि वाकवली. वरचं रबर कडक भाकरीसारखं मोडून खाली पडलं.

"क्लार्कसाहेब, ही वायर न्हाय, चुरा हाय," तो म्हणाला. "बावीस उन्हाळे खाल्ल्यात हिनं सोलापूरचे. जोड मारत बसलात तर आज हितं, उद्या तितं. इंजिनचा पुरा हार्नेस बदलायला लागतोय."

हार्नेस म्हणजे इंजिनावरून फिरणाऱ्या सगळ्या वायरींची एकत्र बांधलेली जुडी. तिला फांद्या असतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला प्लॅस्टिकचा कपलर, जो इंजिनावरच्या आपापल्या जागी खट्कन बसतो. नवा हार्नेस मागवला, तो रविवारच्या अगोदरच्या बुधवारी आला. त्याच बुधवारी कुमार आपल्या गावी, मोडनिंबला जत्रेला गेला आणि म्हणाला, सोमवारी बघू.

सोमवारी बघून काय करणार? रविवारी मामांचं लायसन संपत होतं. मी शुक्रवारची रजा टाकली.

"म्हणजे तुम्ही करणार?" वैजयंतीनं विचारलं.

"त्यात काय आहे? जुना काढायचा, नवा घालायचा. व्हिडिओ बघितलेत मी."

"अहो, तुम्हाला घरातल्या ट्यूबचा स्टार्टर बदलता येत नाही."

"ते वेगळं. तिथं स्टूल हलतं."

खरं सांगायचं तर मला स्वतःबद्दल एक खात्री होती. यंत्र मला कळत नाही, हे मान्य. पण सुटं झालेलं परत जागेवर लावणं हाच माझा धंदा आहे. चौदा हजार फायलींतली कुठलीही मी पाच मिनिटांत काढून देतो. (साहेब मागत नाहीत, ही गोष्ट वेगळी.) शिस्तीत काम केलं की इंजिन काय आणि फायलींचं कपाट काय!

शुक्रवारी सकाळी मी बॅटरीची वायर सोडवली, नवं रजिस्टर उघडलं, रकाने आखले: अनुक्रमांक, खूण, वर्णन, ठिकाण, शेरा. प्रत्येक कपलर काढला की त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी दोऱ्यानं बांधायची, चिठ्ठीवर लाल शाईत खूण घालायची आणि रजिस्टरात नोंद करायची. चौतीस कपलर. दुपारी चारपर्यंत सबंध हार्नेस एकसंध बाहेर आला, अंगावर चौतीस चिठ्ठ्या घेऊन. मी रजिस्टराच्या तळाशी सही केली आणि सवयीनं 'तपासले' असंही लिहिलं.

शनिवारी सकाळी नवा हार्नेस घेऊन बसलो आणि रजिस्टर उघडलं.

पहिली नोंद अशी होती: 'खूण अ/१. इंजिनाच्या डाव्या अंगास, काळ्या डब्याखाली.' दुसरी: 'अ/२. वरीलप्रमाणे.' तिसरी: 'अ/३. वरीलप्रमाणे.' तेराव्या नोंदीपर्यंत सगळं वरीलप्रमाणे होतं. चौदावी: 'ब/१. उजव्या अंगास.' तिथून चौतीसपर्यंत पुन्हा वरीलप्रमाणे.

सत्तावीस वर्षांत मी एकच मजकूर दोनदा लिहिलेला नाही. कचेरीत त्याला टापटीप म्हणतात.

दुसरा घोळ हळूहळू ध्यानात आला. चिठ्ठ्या सगळ्या जुन्या हार्नेसला होत्या. इंजिनाला एकही नव्हती. म्हणजे फायलींना नंबर घातले, कपाट रिकामं केलं आणि खणांना नंबर घालायचे राहिले. (मोबाईलवर फोटो काढायचे नाहीत का, असं तुम्ही म्हणाल. वैजयंतीही म्हणाली. काढला होता. एक. त्यात मी रजिस्टर धरून उभा आहे आणि इंजिन माझ्या पाठीमागं आहे.)

तरी मी हिंमत सोडली नाही. जो कपलर जिथं बसेल तिथं बसवत गेलो. काही लगेच बसले, काही दमदाटी केल्यावर. सहा उरले. बॅटरी जोडली, डॅशबोर्डवरच्या शेंदूर लावलेल्या देवाकडे बघून किल्ली फिरवली. इंजिन ढिम्म. पण पुढचा रेडिएटरचा पंखा मात्र भन्नाट वेगानं सुरू झाला. इंजिन सुरू व्हायच्या आधीच थंड व्हायला लागलं.

"असू दे," वैजयंती पायरीवरून म्हणाली. "मे महिना आहे. गाडी नाही तर नाही, पंखा तरी मिळाला."

ती हसत होती, पण तिचं लक्ष फाटकाकडं होतं. संध्याकाळच्या एसटीनं मामा आले. पांढरा शर्ट, पांढरी विजार, खिशात लायसन. पिशवी खाली न ठेवताच ते बॉनेटपाशी गेले. आत वाकून बघितलं. मग अंगणात पसरलेला चिठ्ठ्यांचा हार्नेस बघितला. मला वाटलं, आता बोलतील. ते मोरीकडं वळले. हात धुतले, चहा घेतला आणि अर्ध्या तासानं लेकीला विचारलं, "वैजू, उद्या अक्कलकोटची पयली गाडी किती वाजता हाय गं?"

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

रविवारी सहा वाजता मी अंगणात जाऊन नुसताच बसलो होतो. शेजारचे नरसय्या दात घासत कुंपणाशी आले. नरसय्यांनी चाळीस वर्षं मागावर चादरी विणल्या. आता डोळ्यांना कमी दिसतं म्हणून घरी असतात.

"काय ओ साहेब, हे कसला माळ हाय?"

मी सगळं सांगितलं. अगदी वरीलप्रमाणेसकट.

"अय्यो," ते म्हणाले. "मागावरचा बीम, म्हंजे ताण्याचा रूळ, सपला की आमी जुना धागा काढून टाकतो काय? दोन हजार धागे असतात. नव्या बीमचा धागा जुन्याच्या शेपटाला एकेक बांधायचा, मग वढायचा. जुनाच नव्याला वाट दाखवतो. तुमी पयलं वाट दाखवणारालाच घराबाहेर काढलात."

तोंड धुऊन ते आत आले. माझे सगळे दमदाटीचे कपलर सोडवायला लावले. अंगणात बाज टाकून तिच्यावर जुना हार्नेस पसरला, जसा वाकलेला होता तसाच, सरळ न करता. त्याच्या शेजारी नवा. मग जुन्याच्या एकेका टोकाजवळ नव्याचं तसलंच टोक आणून माझी चिठ्ठी सोडायची आणि नव्याला बांधायची. (चिठ्ठ्यांचा उपयोग झाला, हे नोंदवून ठेवतो.) पण ते टोक इंजिनात कुठं जायचं?

नरसय्यांनी एक टोक बोटांनी चाचपलं. "हे तेलकट हाय. म्हंजे खाली, तेल गळतंय तितं."

"तेल त्या कोपऱ्याला गळतंय," मागून आवाज आला. मामा पिशवी घेऊन पायरीवर उभे होते. "मी घेतली तवापासनं. दावतो."

त्यांनी पिशवी खाली ठेवली. मला आजही वाटतं, आमच्या घरात इतका चांगला आवाज त्या पिशवीनंच केला.

मग दोघं म्हातारे कामाला लागले. एक जुन्या वायरीचा हात धरून सांगायचा, "हे करपलंय, हे वाळून वाकडं झालंय, ह्याच्यावर धूळ बसलीय." दुसरा इंजिनात वाकून म्हणायचा, "करपलंय म्हंजे सायलेन्सरच्या अंगाला. धूळ म्हंजे पुढं, जाळीपाशी." अधूनमधून एक तेलुगूत पुटपुटायचा, दुसरा कन्नडमध्ये, आणि दोघांना एकमेकांचं कळायचं. माझं मराठी मात्र कुणाला लागत नव्हतं. मला एक फडकं धरायला दिलं होतं. ते मी व्यवस्थित धरलं.

साडेअकराला चौतिसावा कपलर खट् करून बसला. मामांनी किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली. वैजयंतीनं ओट्यावरूनच डोळ्यांना पदर लावला. नरसय्या म्हणाले, "आता बीम लागला," आणि जेवायला घरी गेले.

वैजयंती मागं बसली, मी पुढं. मामांनी चप्पल काढून सीटखाली सारली, आरसा हलवला, पुन्हा होता तिथंच आणला. अक्कलकोट रस्त्याला लागल्यावर पन्नासच्या वर काटा जाऊ दिला नाही. मागचे ट्रक भोंगे वाजवत होते, त्यांना हात करून पुढं सोडत होते. प्रत्येक थांबा आला की वेग आपोआप कमी व्हायचा. "हितं एक मास्तरीणबाई चढायच्या, रोज सुट्टे द्यायच्या." "हितं शेरडं घेऊन चढायला बघायचे, आमी न्हाय म्हनायचो, तरी एखादं आत असायचंच." वळसंगला चहा घेतला. कुणालाच घाई नव्हती. शेवटच्या वळणावर त्यांनी विनाकारण एक लांब हॉर्न दिला, आणि मला गलबलून आलं, सरळच सांगतो. ही गाडी आपण जवळजवळ चुऱ्यात घातली होती, या विचारानं लाजही वाटली.

अक्कलकोटला जेवणं झाली. चार वाजता आम्ही परत निघालो. मामांनी किल्ली माझ्यासमोर धरली, पण सोडली नाही.

"लायसन दावा."

"काय मामा..."

"डेपोत लायसन बघितल्याबिगर कुणाला किल्ली देत न्हवतो आमी."

मी ऐटीत पाकीट काढलं. (ज्याच्या हाताखालून चौदा हजार फायली गेल्या, त्याला कागदाची काय भीती?) मामांनी कार्ड हात लांब करून धरलं, डोळे बारीक केले.

"पाव्हणं, तुमची पन्नाशी कवा झाली?"

"गेल्या वर्षी मार्चमध्ये. तुम्ही आला होता की जेवायला."

"व्हय, आलतो. त्याच दिवशी हेबी सपलंय."

चौदा महिने मी बिनालायसनचा गाडी चालवत होतो, आणि कचेरीत कुठली फायल किती तारखेला बाद करायची ते मला तोंडपाठ आहे. वैजयंतीनं न मागताच पर्समधून स्वतःचं लायसन काढून वडिलांना दाखवलं. चांगलं पाच वर्षं पुढचं. किल्ली तिच्या हातात गेली.

"बरं, मग मी आजचा कंडक्टर," मी हसण्यावारी न्यायला म्हणालो आणि पुढचं दार उघडलं.

मामांनी त्या सीटवर शेंगाचटणीचा डबा ठेवला आणि दार लावून टाकलं.

"कंडक्टरलाबी बिल्ला लागतोय," ते म्हणाले. "तुमी प्याशिंजर. मागं बसा."