कार्निव्हलातली मूक संमती

एकालाही न दुखावता मी तो वाद मिटवणार होतो, आणि तेही नाचता नाचता! आमच्या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये एवढं डोकं फार थोड्यांना असतं.

स्टीलपॅन म्हणजे पिंप ठोकून सुरात आणलेलं आमचं वाद्य. त्याची धून लिहायचं एक मोफत सॉफ्टवेअर आम्ही हौशी मंडळी मिळून चालवतो. त्या सॉफ्टवेअरच्या मार्गदर्शिकेत 'कलर' हा शब्द 'यू' घालून लिहायचा की गाळून, यावर वर्षभर जुंपली होती. मी शाळेत शिकलो तसा यू घालणारा. माझा मावसभाऊ लेनॉक्स ब्रुकलिनला राहायला गेला आणि त्याचा यू विमानतळावरच राहिला.

मार्गदर्शिका जवळजवळ सगळी लिहिली होती निवृत्त शिक्षिका मिस एनिड यांनी. त्यांनी बजावलं होतं, "आणखी एकदा भांडलात तर मी चालले. मग बसा तुम्हीच लिहीत." त्या गेल्या असत्या, तर सगळाच कारभार आटोपला असता. मला खरंच धास्ती वाटत होती.

आमचा नियम असा, की प्रस्ताव मांडायचा. दोन दिवसांत हरकत आली नाही तर तो मंजूर, आणि पुढचे बदल यंत्र आपोआप करतं. कार्निव्हलच्या सोमवारी पहाटे मी यूचा प्रस्ताव टाकला, प्रथेप्रमाणे अंगाला चिखल फासला आणि रस्त्यावर उतरलो. मंगळवार संपेपर्यंत या शहरात संगणकाकडे बघतो कोण? लेनॉक्सही नाचायला आला होता. त्यानं मला चक्क स्वतःहून चण्याचे डबल्स खाऊ घातले. ब्रुकलिनमध्ये माणूस सुधारतो, असं मला वाटलं.

बुधवारी आम्ही मराकसच्या किनाऱ्यावर वाळूत आडवे पडलो होतो, तेव्हा दोघांचेही फोन एकदम थरथरू लागले आणि थांबेचनात. लेनॉक्सनं त्याच पहाटे उलटा प्रस्ताव टाकला होता! दोन्ही मंजूर. यंत्र पानापानावर यू घालत होतं, लगेच काढत होतं, पुन्हा घालत होतं, आणि प्रत्येक वेळी सगळ्या सभासदांना मेल जात होता.

"तूसुद्धा?" मी म्हटलं.

"मिस एनिडना कळायच्या आत फोन बंद कर," लेनॉक्स म्हणाला.

त्यांना तोंड दाखवायची हिंमत नव्हती. टोकोला मावशीकडे लपलो. शनिवारी केक घेऊन, मान खाली घालून त्यांच्या दारात उभे राहिलो.

मिस एनिडनी केक ठेवून घेतला. "यंत्र बुधवारीच बंद केलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आणि त्याच दिवशी मीही एक प्रस्ताव टाकला. ज्याचं पान, त्याचं स्पेलिंग. आणि पॅन जुळवण्याचा राहिलेला धडा तुम्ही दोघांनी लिहायचा. कुणाचीच हरकत आली नाही."

"पण आमचे फोन बंद होते!"

"हो का? आणि कार्निव्हलात माझा चालू होता?"

आम्हाला पॅन जुळवता येत नाही, हेही सांगून पाहिलं. मुदत संपली म्हणाल्या, आणि दोघांच्या हातात हातोडी दिली. त्या जात नाहीयेत, एवढ्यानंच मला रडू येणार होतं.

आता रोज संध्याकाळी त्यांच्याकडे शिकवणी असते. लेनॉक्सनं परतीचं तिकीट पुढे ढकललंय. धडा झकास होतोय, आम्ही भांडतही नाही. फक्त त्या अख्ख्या धड्यात 'कलर' हा शब्द अजून एकदाही लागलेला नाही.