तोंडावर कसं विचारायचं?

मनुष्य हा पारखून घेणारा प्राणी आहे. मडकं घेताना तो ते वाजवून बघतो, टरबूज घेताना कानाशी धरून थापट्या मारतो, चपला घेताना दुकानभर येरझाऱ्या घालतो. पण जो माणूस आपल्या डोळ्यापासून दोन बोटांवर सुई खुपसणार, त्याला ‘तुम्ही हे कुठे शिकलात हो?’ असं विचारणं मात्र सभ्य समाजात उद्धटपणाचं समजतात. हा संकेत अतिशय योग्य आहे. उद्या लोक असं सर्रास विचारू लागले, तर कितीतरी कष्टाळू माणसांना खरोखरच शिकावं लागेल.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार म्हणजे मी माझ्या मावशीचा भाचा आहे. (विषय चेहऱ्याच्या इंजेक्शनांचा असल्याने एवढी पात्रता पुरते.)

मावशी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारीच्या खिडकीवर बसते. खिडकी म्हणजे काचेला पाडलेलं एक अर्धगोल भोक. ते इतकं खाली आहे की बोलणाऱ्याला कमरेत वाकावं लागतं. वाकलेल्या माणसाचा राग निम्मा होतो, हे शास्त्र आहे. उरलेला निम्मा राग मावशीची डावी भुवई उतरवायची. माणूस म्हणायचा, “आठ दिवस नळाला पाणी नाही.” मावशी “बरं” म्हणून डावी भुवई जराशी वर करायची. तेवढ्याने त्या माणसाला वाटू लागायचं की आठ नसतील, सहाच असतील. आणि अगदीच नाही असं तरी कसं म्हणायचं, थेंब थेंब येतंच की. पाइपाला हात न लावता तक्रार दुरुस्त करणारी अशी कर्मचारी खात्यात दुसरी नव्हती.

कागदाच्या बाबतीत तर ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. एकदा एक गृहस्थ घरातला नळ फुटला म्हणून डोक्यापासून पायापर्यंत भिजून आले होते. मावशीने त्यांना ग्राहक क्रमांक आणायला परत पाठवलं. ते क्रमांक घेऊन आले, तेव्हा कागद ओला होता. मावशीने त्यांना कोरडा कागद आणायला पाठवलं.

पुढे नवे साहेब आले आणि त्यांनी खिडकीशेजारी समाधान-यंत्र बसवलं. यंत्राला तीन बटणं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा मख्ख चेहरा आणि लाल रडका चेहरा. काम झालं की नागरिकाने आपल्या मनाप्रमाणे एक बटण दाबायचं. मावशीच्या यंत्रावरचा लाल चेहरा पहिल्याच महिन्यात इतका झिजला, की त्याचे डोळे जाऊन नुसतं रडकं तोंड उरलं. साहेबांनी तिला बोलावून समज दिली. तिच्या कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध, दोन उभ्या आठ्या आहेत, नामंजूर अर्जावर मारतात तशा. त्यांमुळे नागरिकाला तोंड उघडण्याआधीच नामंजूर झाल्यासारखं वाटतं. तीन महिन्यांत चेहरा सेवाभिमुख झाला नाही, तर तळघरात जुन्या मीटरांच्या खोलीत बदली. (तिथे आधी बदली झालेले एक गृहस्थ आहेत. ते मीटरांशी बोलतात. मीटर खोटं बोलतात, अशी त्यांची तक्रार आहे. पण ती नोंदवायला ते वर येत नाहीत.)

त्या संध्याकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

“घरात माझं कोण ऐकतं, ताई? हे ऐकत नाहीत, पोरं ऐकत नाहीत. त्या एका खिडकीपुढे माणसं वाकून ऐकतात गं. तळघरात मला कोण विचारणार?”

आईने चहाचं पाणी एका कपाने वाढवलं. मावशीने आठ्या घालवायच्या, असं त्याच चहावर ठरलं.

आता प्रश्न आला योग्य माणूस निवडण्याचा. ही जबाबदारी काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, आपल्याकडे घेतली, कारण घरातला फ्रिजही त्यांनीच निवडला होता. फ्रिज घेताना त्यांनी पाच दुकानं पालथी घातली होती, मोटर कुठली, कुणी बनवली, हमी किती वर्षांची, असं खोदून खोदून विचारलं होतं, आणि शेवटी आत डोकं घालून दार लावून घेतलं होतं. (आतला दिवा विझतो की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर सोडायला ते तयार नव्हते.)

पहिल्यांदा आम्ही गेलो ते एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बाईंच्या टेबलामागे एकच चौकट होती आणि तीत पदवी, नोंदणी क्रमांक वगैरे बारीकसारीक मजकूर होता. बाईंनी मावशीला विचारलं, कुठली औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे का, रक्त पातळ करायची गोळी घेता का, आधी असं काही टोचून घेतलंय का. मग काय काय बिघडू शकतं तेही सांगितलं: पापणी उतरू शकते, भुवई वर-खाली होऊ शकते, दोन आठवड्यांनी परत दाखवायला यावं लागेल. शेवटी म्हणाल्या, “घाई नाही. घरी जाऊन विचार करा. नाही केलं तरी काही अडत नाही.”

बाहेर येताच काकांनी त्यांना बाद केलं.

“एवढे प्रश्न विचारते म्हणजे तिलाच काही माहीत नाही. आणि हे बिघडतं, ते बिघडतं म्हणाली. म्हणजे तिच्याकडे बिघडत असणार, त्याशिवाय कसं माहीत?”

या युक्तिवादात मला आजवर एकही खोट सापडलेली नाही. मावशीलाही ती जागा आवडली नव्हती. आपण खिडकीच्या चुकीच्या बाजूला उभे आहोत असं तिला सारखं वाटत होतं.

दुसरं ठिकाण चपलांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. पाटीवर लिहिलं होतं: ‘नशीब कपाळावर लिहिलेलं असतं. आम्ही पाटी कोरी करून देतो.’ आत सोफा असा की त्यात बसलेला माणूस हात दिल्याशिवाय उठू शकत नाही. (त्यामुळे विचार बदलणाऱ्यांचं प्रमाण नगण्य आहे.) हवेत मोगऱ्याचा वास, भिंतीवर काचेत मासे आणि पांढऱ्या कोटातला एक हसतमुख तरुण. कोटाच्या खिशावर ‘सौंदर्यशिल्पी’ असं रेशमाने भरलेलं होतं. एखाद्याची पदवी कापडावरच भरलेली असेल, तर ती कागदावर मागणं म्हणजे कद्रूपणा झाला.

भिंतीवर मात्र चौकटीच चौकटी होत्या. काकांनी त्या एक एक करून तपासल्या, म्हणजे बोटाने वाजवून बघितल्या. “सागवान आहे,” ते समाधानाने म्हणाले. मी रिकामा बसलो होतो म्हणून वाचल्या. चार ‘सहभागाबद्दल’ होत्या, दोन ‘उपस्थितीबद्दल’, आणि एक रस्सीखेचीतल्या दुसऱ्या क्रमांकाची. क्रमांक, शिक्का आणि मुदत असलेलं प्रमाणपत्र एकच होतं. ते आग विझवायच्या नळकांड्याचं होतं.

“विचार ना त्याला, डॉक्टर आहे का म्हणून,” आई मावशीच्या कानात म्हणाली.

“अगं, असं तोंडावर कसं विचारायचं? वाईट वाटेल त्याला.”

“तो तोंडावरच टोचणार आहे ना?”

“तू गप्प बस गं ताई. किती गोड बोलतोय बिचारा.”

शिल्पीने मावशीला दोनच प्रश्न विचारले: चहा की कॉफी, आणि फोटो कुठल्या बाजूने काढू. काय बिघडू शकतं, असं आईने विचारल्यावर तो मावशीकडेच बघून हसला आणि म्हणाला, “मावशी, आपल्याकडे काही बिघडत नाही.” काकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. औषधाच्या बाटलीवर लेबल नव्हतं. ओलं होऊन निघालं असं तो म्हणाला, आणि मावशीने ते लगेच समजून घेतलं. (ओला कागद घेऊन आलेले गृहस्थ तेव्हा तिथे नव्हते, हे त्यांचं दुर्दैव.) मग त्याने पेनाने तिच्या कपाळावर ठिपके काढले, थोडं मागे सरून ते पाहिले, एक ठिपका पुसला, दोन वाढवले आणि टोचायला सुरुवात केली.

दहा दिवसांत कपाळ घासलेल्या परातीसारखं लख्ख झालं. आठ्या गेल्या. फक्त डावी भुवई वर गेली आणि तिथेच राहिली.

जराशी नाही, चांगली वर. उजवी भुवई घरच्यासारखी आडवी आणि डावी छताकडे निघालेली. मावशी झोपली तरी तिचा अर्धा चेहरा समोरच्यावर अविश्वास दाखवत जागा असायचा. पहिला बळी काका. जेवताना मावशी नुसतीच त्यांच्याकडे बघत होती. काकांनी घास खाली ठेवला आणि आपण रोज संध्याकाळी फिरायला जात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात भजी खायला जातो, हे कबूल केलं. मावशीने भाजी हवी का, एवढंच विचारायला मान वर केली होती. काकांनी आणखी तीन गोष्टी कबूल केल्या. त्यांतली एक त्यांच्या लग्नाआधीची होती.

खिडकीवर तर क्रांती झाली. पूर्वी मावशीची भुवई वर जायची आणि परत खाली यायची. ती खाली आली की माणसाला धीर यायचा आणि तो सूड म्हणून लाल बटण दाबायचा. आता भुवई खालीच येईना. यंत्राकडे वळलेल्या माणसाला ती पाठीवर जाणवायची आणि त्याचं बोट आपोआप हिरव्याकडे सरकायचं. तक्रारी शेकडा सत्तरने घटल्या. (पाणी होतं तेवढंच होतं.) उरलेल्या तीसमधले बरेचसे लोक तक्रार करायला येऊन कबुली देऊन गेले. एकाने पाइपाला चोरून मोटर लावल्याचं सांगितलं. एका बाईंनी शेजारणीची कुंडी आपणच ढकलल्याचं सांगितलं, ज्याचा पाण्याशी संबंध नव्हता. साहेब स्वतः अभिनंदन करायला आले, मावशीकडे पाहिलं आणि घाम पुसत म्हणाले, “समाधान-यंत्राचा कंत्राटदार माझा मेहुणा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

एवढं सगळं चांगलं झाल्यावरही मावशीला रात्री उशीवर डोकं टेकून रडता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायचं, पण चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही, आणि भुवई तिच्या स्वतःच्याच रडण्यावर विश्वास ठेवायची नाही. शेवटी ती मला घेऊन आरोग्य खात्याच्या तक्रार खिडकीवर गेली. तिथेही काच होती, काचेला भोक होतं, आणि भोक खालीच होतं. बावीस वर्षांच्या नोकरीत मावशी पहिल्यांदा कमरेत वाकली.

आतले गृहस्थ म्हणाले, “टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक?”

“तो नाहीये हो माझ्याकडे. पण भुवई बघा ना, समोरच आहे.”

“भुवईवर क्रमांक आहे का?”

“नाही.”

“बाई, तुम्हीही खिडकीवरच्याच दिसता. क्रमांकाशिवाय तक्रार नसते, हे आम्ही तुम्हाला सांगायचं?”

मावशी सरळ उभी राहिली. त्या उत्तरात तिला काहीच वावगं दिसलं नाही. उलट जाता जाता तिने तिथल्याही समाधान-यंत्राचं हिरवं बटण दाबलं.

आम्ही क्रमांक आणायला चपलांच्या दुकानावर गेलो. शिल्पी हसत पुढे आला, मावशीकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. भुवईने आपलं काम सुरू केलं होतं. त्याच्या कपाळावर घाम आला. तो स्टुलावर बसला आणि खाली बघून म्हणाला, “मावशी, तुम्हाला खरं सांगू का? मी मुळात...”

साहेबांना, काकांना, अख्ख्या शहराला बोलतं करणाऱ्या त्या भुवईपुढे तो बोलणारच होता. पण मावशीला त्याची दया आली.

“राहू द्या हो,” ती म्हणाली. “कशाला स्वतःला त्रास करून घेता? होतं असं कधीकधी.”

तेवढ्यात चहा आला.

चार-पाच महिन्यांनी औषधाचा असर ओसरला. भुवई खाली आली, आठ्या परत उमटल्या, मावशी मनसोक्त रडली, आणि दुसऱ्या दिवशी खिडकीपुढची रांग रस्त्यापर्यंत गेली. लाल चेहऱ्याचं उरलेलं तोंडही त्याच आठवड्यात झिजलं. साहेबांनी तळघराची किल्ली टेबलावर काढून ठेवली. मावशीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि काकांना घेऊन ती चपलांच्या दुकानाचा जिना चढून वर गेली. भिंतीवर आता एक नवी चौकट होती, पाणीपुरवठा कार्यालयाच्या प्रशंसापत्राची. काकांनी ती वाजवून बघितली. तीही सागवानच होती.

“या वेळी तरी विचारलंस का त्याला?” परत आल्यावर आईने विचारलं.

“अगं ताई, आता तर ओळख झाली,” मावशी म्हणाली. “ओळखीच्या माणसाला असं तोंडावर कसं विचारायचं?”

डावी भुवई वर जायला अजून आठवडा होता, म्हणून तिने ती बोटाने वर धरून दाखवली. आईने विषय बदलला.

वाचकहो, तुम्हीही इथवर आलात. शेकडा सत्तर हा आकडा मी कुठून आणला, हे तुम्ही विचारलं नाहीत, याबद्दल आभार. चपलांच्या दुकानाचा पत्ता दिलाय का म्हणून तुमच्यापैकी काहींनी शेवटची ओळ आधीच पाहून घेतली. तो दिलेला नाही. आणि वाचता वाचता मध्येच एकदा तुमचा हात कपाळाकडे गेला, दोन भुवयांच्या मधोमध, तोही माझ्या नजरेतून सुटला नाही. तिथे काय दिसतं, ते मला खरं तर सांगायचं होतं.

पण असं तोंडावर कसं सांगायचं?