समोरच्या पार्टीचं लाव की!

कमठाण्याच्या माणिकअप्पांना मोबाइलवर रॅप ऐकवायचा असेल, तर मोबाइल परत मिळण्याची घाई नसावी. गाणं संपलं तरी ते तो कानाला लावून, तर्जनी वर करून वाट बघत बसतात.

"संपलं, अप्पा."

"ह्याचं संपलं. आता समोरच्या पार्टीचं लाव की!"

अप्पा जन्मभर गायन पार्टीत खंजिरी वाजवत मुकाबले खेळले. जयंतीच्या मंचावर दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या. एकीनं सवाल टाकायचा, दुसरीनं त्याच चालीत उत्तर द्यायचं. तेव्हा जगातलं प्रत्येक गाणं म्हणजे अर्धा मुकाबला, ही त्यांची पक्की समजूत.

"समोर कुणी नसतं, अप्पा. हा एकटाच गातो."

"मग एवढा चिडलाय कुणावर?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. असा प्रश्न सोडते होय? "व्यवस्थेवर!"

"ती उत्तर देती?"

"नाही."

"मग कामून एकटाच बोलायलाय बिचारा?"

मी हट्टालाच पेटले. रोज दुपारी विहाराच्या कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसायचं, इअरफोनचं एक टोक त्यांच्या कानात, एक माझ्या. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत, दोन तबकड्या फिरवत हे सुरू झालं म्हटल्यावर अप्पा खूश. "वस्तीतलं हाय व्हय? मग आपलंच की!" लॉस एंजेलिसवाला त्यांना खाटेवर उताणा पडून गाणारा वाटला. अटलांटाचा ट्रॅप हा रॅपचा प्रकार "तोंडात पान धरून". लंडनचा ड्रिल हा प्रकार ऐकून म्हणाले, "ह्याला घरातून काढलंय. दार वाजवायलाय." मुंबईच्या गल्लीतला आवडला, पण "श्वास चोरतोय". कन्नड-दखनी मिसळून गाणाऱ्या एका कलबुर्गीच्या पोराला मात्र शाबासकी म्हणून त्यांनी मोबाइलच थोपटला.

शिवाय प्रत्येकाला उत्तर. अटलांटाला त्यांनी चार दिवस खंजिरीवर झोडपलं, अस्सल मराठीत.

"काय म्हनला गं तो?"

"काही नाही."

"भ्याला!"

एकदा मी विचारलं, "तुमच्या समोर कोण बसायचं?"

"मन्नाएखेळ्ळीचा शरणप्पा. तीस वर्षं झोडपलं पठ्ठ्यानं मला! माझं नाक, माझं धोतर, माझी सासू, काय बी सोडलं न्हाई." अप्पा खदखदून हसले. "शेवटचा सवाल माझा होता. पुढल्या जयंतीला उत्तर देतो म्हनला. त्याच्या आधीच गेला." मग खंजिरीची एक झांज उगीच फिरवत म्हणाले, "आता समदे पाया पडत्यात. उलट कुणीच बोलत न्हाई."

यंदा जयंतीला अप्पांचा सत्कार ठरला. शाल, हार, भाषणं. तिसऱ्या भाषणात ते 'दैवी देणगी' झाले आणि माझं डोकं फिरलं. मी माईक ओढला.

"शाल मिळाली, हार मिळाला, अप्पा झाला देव,
कवळी पडते तालावरती, आधी खिशात ठेव!"

पुढच्या रांगेतले माझे वडील चप्पल शोधायला लागले, पळायला की मारायला ते कळेना.

अप्पांनी तर्जनी वर केली. मग शाल काढून खुर्चीवर टाकली, पिशवीतून खंजिरी काढली आणि मंचावर मांडी घातली. जास्तच झालं बहुतेक, असं वाटून मी माफी मागायला त्यांच्या शेजारी जाऊन टेकले.

"हितं न्हाई गं." त्यांची बोटं खंजिरीवर आधीच चालू झाली होती. "समोर बस."