संदर्भ एक ते सात

सूर्यवंशी भाऊसाहेब माझ्याशी बोलतात, पण लेखी. आमच्या निलंग्याच्या हापिसात त्यांचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून आहे. तरी खिडकीसाठीसुद्धा पुढ्यात कागद येतो: "उपरोक्त विषयान्वये, संदर्भीय टिपणीच्या अनुषंगाने, सदर खिडकीबाबत उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती." वर जावक क्रमांक. आता उचित म्हणजे उघडू का लावू? विचारलं तर म्हणतात, "पुन्हा वाच. सगळं आलंय त्यात."

संदर्भ सातपेक्षा कमी भरले तर या माणसाला अन्न गोड लागत नाही. आणि मुद्दा कायम शेवटच्या ओळीत. "मुद्दा आधी टाकला की कागदाची इज्जत जाती," म्हणतात. एकदा त्यांनी सुट्टीचं परिपत्रक काढलं, तर अख्खं हापिस डबे घेऊन हजर. सुट्टी चौथ्या पानावर होती.

साहेबांनी त्यांचे कागद वाचणं कधीच सोडलंय. विषय बघतात, 'पाहिले, दप्तरी दाखल' असा शेरा मारून मोकळे होतात. दाखल मी करतो. मीही न वाचताच, खोटं कशाला बोलू.

परवा त्यांचा तीन पानी कागद तोच शेरा घेऊन आला. विषय: किरकोळ रजेबाबत. भाऊसाहेब चहाला गेलेले, म्हणून मी सगळ्यांना हसवायला मोठ्यानं वाचायला घेतला. नियम झाले, संदर्भ झाले, हसून हसून पुरेवाट झाली. शेवटी ओळ आली: "सबब, पत्नीचे उद्या लातूर येथे ऑपरेशन असून तिच्यासोबत थांबण्यास माझ्याशिवाय कोणीही नाही." पुढं कुणी हसलं नाही. मला माझीच लाज वाटली.

भाऊसाहेब परत आले, शेरा बघून खुर्चीत टेकले.

"नामंजूर केली वाटतं," म्हणाले.

"नामंजूर कशाची? वाचलीच न्हाई कुणी. हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून काय लिहायलात तुम्ही?"

"बायकोचं दुखणं साहेबापुढं एकदम कसं मांडावं बाबा? आधी जरा वाट करावी लागती की."

मी कोरा कागद ओढला. 'उद्या लातूरला बायकोचं ऑपरेशन आहे. दोन दिवस रजा मिळावी.' सहीसाठी पुढं सरकवला. ते पेन धरून नुसतेच बसले.

"भेव वाटायलंय का?" मी विचारलं.

"हाव."

इतकं आखूड उत्तर त्यांनी उभ्या नोकरीत दिलं नव्हतं. त्यांची सही झाल्यावर मी त्याच कागदावर खाली 'सोबतीला मीही जातोय, मलाही रजा मिळावी' असं लिहून माझंही नाव टाकलं आणि साहेबांकडे गेलो.