हौदात डोकावणाऱ्या अनसूयामावशी

आमच्या न्हावऱ्यात अनसूयामावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडं बघत नाहीत, हौदात बघतात. तेही भर दुपारी बॅटरी लावून. पाण्यात अळी वळवळताना दिसली की म्हणणार, "वतून टाक. हिवताप पाळलाय व्हय?" मग चहा.

घरात पोटुशी असेल तर मावशी रोज हजर. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचलीय का, हे वाकून बघणार. एकीनं मच्छरदाणी मिरचीच्या रोपांवर पसरली, तर मावशी वाफ्यापाशीच ठाण मांडून बसल्या आणि ती काढायला लावूनच उठल्या.

खरं सांगते, मला त्यांचा हेवा वाटतो. गावची आशाताई मी. ट्रेनिंग माझं, रक्त तपासायचं किट माझ्याकडं, आणि बायका ऐकणार मावशींचं. आठवड्यातून एक दिवस पिंपं कोरडी करा, हे सांगून माझा घसा बसला. मावशी नुसत्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या तरी भराभर पिंपं पालथी होतात.

कहर झाला तो माझ्याच घरात. माझी सून कोमल सहा महिन्यांची पोटुशी. थंडी वाजून ताप आला, ते तिनं मला नाही, मावशींना सांगितलं. मावशी तिला हाताला धरून माझ्यापुढं घेऊन आल्या. "हिचं रगत बघ आधी," म्हणाल्या. बोट टोचतानाही आत जळफळाट होताच. हिवताप निघाला. लगोलग दवाखान्यात नेलं, गोळ्या सुरू झाल्या, पोर बचावली. अळ्या सापडल्या माझ्याच परसातल्या रांजणात. मावशींनी हे गावात कुणालाही सांगितलं नाही, त्याचा तर मला जास्तच राग आला.

पुढच्या महिन्यात कोमलची ओटी भरायची होती. बायका जमल्या. मावशी बाहेरच रेंगाळत होत्या. आत चला म्हटलं तर हळूच म्हणाल्या, "बिनलेकराची विधवा मी. ओटीला मला कोन बोलावतंय? पानी बघायच्या निमित्तानं येते आन् पोरींचं त्वांड बघून जाते."

मला माझीच लाज वाटली. मी त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि कोमलपुढं बसवलं. दोघीतिघी कुजबुजल्या, कुजबुजू दे. मावशींनी ओटीच्या ताटाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आधी नारळ का तांदूळ गं? लई वर्सं झाली, इसरले."

मी सांगितलं, आणि त्यांनी निमूटपणे माझं ऐकलं.