तिकेट ना!

फोनवर बोलावं तर मीच! आमच्या पेठेत निम्म्या लोकांना रिसीव्हरचं कुठलं तोंड कानाला लावायचं हे कळत नाही, आणि हीच मंडळी आज मला बघितलं की "ना!" म्हणून फिदीफिदी हसतात. हसा! पण आधी सगळं ऐकून घ्या, मग चूक कुणाची ते ठरवा. माझी नव्हती, हे आत्ताच सांगून ठेवतो.

एकोणनव्वद सालची गोष्ट. मडगावला परदेशी संघांची मोठी फुटबॉल स्पर्धा ठरली होती. आमच्या तालमीत कुस्तीपेक्षा फुटबॉलचं वेड जास्त, त्यामुळं कट्ट्यावर दुसरा विषयच नव्हता. माझे चुलते लालासाब चाचा तिथंच बसलेले. चाळीस वर्षांपूर्वी ते तालमीच्या टीमचे सेंटर फॉरवर्ड होते, तेही अनवाणी! आता एक डोळा मोतीबिंदूनं गेलेला आणि दुसरा जायच्या तयारीत.

"रशीद," चाचा म्हणाले, "ह्यो डोळा हाय तवर एकदा परदेशी टीम बघायची हाय. मग अंधार झाला तरी चालंल."

मी काही बोलायच्या आत तालमीचा सेक्रेटरी बाळासो खिंकाळला, "चाचा, तिकिटं आणायला माणूस लागतोय! ह्येला गडहिंग्लजची यष्टी घावत न्हाय, ह्यो गोव्याला काय जातोय!"

तळपायाची आग मस्तकात गेली! सासुरवाडीला, गडहिंग्लजला जाताना मी चुकून बिद्रीच्या गाडीत बसलो होतो, पण एकदाच! आणि त्या गाडीची पाटी पुसलेली होती!

"चार तिकिटं आणतो!" मी ओरडलो. "न्हाय आणली तर नावाचा रशीद न्हाय!"

ही काही पोकळ बढाई नव्हती. मडगावचा मिंगेल नावाचा गोलकीपर माझ्या ओळखीचा होता. कोल्हापुरात स्पर्धेला आला तेव्हा चार दिवस आमच्या घरी राहिलेला. माझ्या बायकोच्या, नजीराच्या हातचा तांबडा रस्सा त्यानं नाक पुसत पुसत वाट्या भरभरून ओढलेला. जाताना त्याच्या घराशेजारच्या बेकरीचा फोन नंबर देऊन गेला होता.

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होतो. मालक नेमगोंडा शेठ. त्यांच्या परवानगीनं ऑफिसातून ट्रंक कॉल लावला. दोन तास लागला नाही, आणि नेमका भट्टीचा ब्लोअर सुरू झाल्यावर लागला! बेकरीवाल्यानं मिंगेलला हाक मारून आणलं.

"मिंगेल! तिकिटं हाईत का, तिकिटं?" मी गळा फाडला.

"तिकेट ना!" तिकडून आवाज आला.

आता तुम्हीच सांगा. आपल्याकडं "मिसळ हाय का?" विचारल्यावर मालक "हाय ना!" म्हणतो की नाही? त्यातला "हाय" ब्लोअरनं गिळला असणार, हे शेंबड्या पोरालाही कळेल.

"चार पायजेत, चार!"

"चार? एकूय ना!"

"एकूण?" माझी छाती दोन इंच फुगली. चाराचं काय घेऊन बसलास, एकूण आकडा सांग, म्हणतोय गडी! मटणाला जागणारा माणूस!

"एकूण पत्रानं कळवतो!" म्हणून मी फोन ठेवला.

"काय म्हणतोय?" शेठनी विचारलं.

"एकूण किती पायजेत, ईचारतोय."

"मग माझं बी एक धर की!"

बातमी भट्टीवरून निघाली ती संध्याकाळपर्यंत तालमीत पोचली. दुसऱ्या दिवशी दारात रांग! ज्याला ऑफसाइड म्हणजे काय हे ठाऊक नाही, असा आकाराम सोनारसुद्धा "माझं आणि मेव्हण्याचं" म्हणत आला. शेवटी बाळासो आला, हात जोडून! त्याला मी दोन दिवस ताटकळत ठेवला. खोटं कशाला बोलू, आयुष्यात एवढं सुख मला कधी मिळालं नव्हतं. यादी एक्केचाळिसावर थांबली. "एकूण एक्केचाळीस" असं कार्ड मिंगेलला धाडलं आणि बाळासोनं एसटीची अख्खी गाडी ठरवली.

पहाटे निघालो. डोक्याला फेटे, टपावर हलगी, मागच्या बाकावर सुक्या मटणाचं पातेलं. शेठ जैन, म्हणून ते आपला डबा घेऊन ड्रायव्हरच्या पाठीशी, पातेल्यापासून लांबात लांब. चाचा खिडकीशी. इस्त्रीचा शर्ट, खिशात चष्मा. आंबोलीचा घाट उतरेपर्यंत त्यांनी मला पाच वेळा विचारलं, "तिकिटं हाईत नव्हं?"

"हाईत ओ!" पाचव्यांदा मी खेकसलोच.

दुपारी मडगावात मिंगेलच्या दारात गाडी थांबली. हलगी कडाडली. मिंगेल अर्ध्या चड्डीत बाहेर आला आणि डोळे फाडून बघत राहिला.

"रशीद! कोणाचें काजार?"

"कसलं गाजर? तिकिटं काढ!" (काजार म्हणजे लग्न, हे मला नंतर कळलं.)

"तिकेट ना!"

"व्हय, तिकिटंच! एक्केचाळीस!"

"ना रे! ना! खलास!" त्यानं दोन्ही हात झटकले. मग आत जाऊन माझं कार्ड घेऊन आला. "हें कितें बरयलां? म्हाका वाचूंक येना!"

त्याला मराठी वाचता येत नव्हतं! माझ्या कार्डाचा त्यानं पंख्यासारखा उपयोग केला होता!

नेमगोंडा शेठ गोव्याला माल पाठवायचे. ते घसा खाकरत म्हणाले, "रशीद, ह्यांच्यात ‘ना’ म्हंजे न्हाय. आणि ‘एकूय ना’ म्हंजे एक बी न्हाय."

"मग त्या दिवशी का न्हाय सांगितलं?" मी मालक-बिलक विसरलो.

"तू कुठं सांगितलंस त्यो काय बोलला ते? तू म्हणलास एकूण ईचारतोय!"

मग जे झालं ते विचारू नका. एकोणचाळीस तोंडं एकदम सुटली. आकारामचा मेव्हणा तर मला ओळखतही नव्हता, पण शिव्या नावानिशी देत होता! बाळासो म्हणाला, "नशीब समजा, बिद्रीला न्हाय न्हेलं!" मी त्याच्या अंगावर धावलो. आमच्या दोघांत शेठ आले, शेठच्या डब्यावर पातेलं कलंडलं, आणि सबंध जन्मात आवाज न चढवलेले शेठ हलगीपेक्षा मोठ्यानं ओरडले.

एकटे चाचा ओरडत नव्हते. गाडीच्या पायरीवर बसून चष्मा पुसत होते.

"असू दे रशीद," ते म्हणाले. "मैदानाच्या भाईरनं आरडाओरडा ऐकू आला तरी लई झालं."

त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला माझाच इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मिंगेल गुपचूप आत गेला आणि एक तिकीट घेऊन आला. स्वतःचं. त्यासाठी तो दोन दिवस रांगेत उभा राहिला होता.

"हें म्हजें. चाचाक दी."

चाचा आत गेले. आम्ही चाळीस आणि मिंगेल स्टेडियमच्या भिंतीला पाठ लावून बसलो. आत गलका झाला की बाहेर आम्ही हलगी बडवायचो. गोल कुणाचा, देव जाणे! मधल्या वेळात बाळासोनं मिंगेलची शिकवणी घेतली. "आमच्यात ‘हाय ना’ म्हणलं की हायच! आणि ‘एकूण’ म्हंजे सगळी मिळून! ध्यानात ठेव!" मिंगेल मान डोलवत होता. तेव्हाच त्या शिकवणीत पाणी ओतायला हवं होतं.

मॅच सुटली. चाचा बाहेर आले. आम्ही गराडा घातला.

"काय बघितलं चाचा?"

"सगळं बघितलं!" चाचांचा तो एक डोळा लकाकत होता. "बूट घालून बी पोरं बरी पळत्यात की!"

"जिंकलं कोण?"

"त्ये बघायचं ऱ्हायलं."

पुढच्या वर्षभरात पेठेनं माझं नाव "ना" ठेवलं. असो. दिवाळीनंतर फौंड्रीत फोन आला. मिंगेल! ब्लोअर सुरूच!

"रशीद! परवां कोल्हापूरांत खेळूंक येतां! मटण आसा?"

नजीरा माहेरी, गडहिंग्लजला गेलेली. घरी मी पाव खाऊन दिवस काढत होतो. पण आता मी शहाणा झालो होतो. पुन्हा घोटाळा नको, म्हणून त्याच्याच भाषेत ठणकावून सांगितलं, "मटण ना! एकूय ना!"

"देव बरें करूं!" म्हणून त्यानं खुशीत फोन ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मिंगेल आणि त्याच्या मागं अख्खी टीम, बॅगा घेऊन!

"एकूण अठरा!" मिंगेल अभिमानानं म्हणाला. "तूंच सांगलें न्हय, मटण ना!"

त्यांना चाचांच्या हवाली केलं आणि नजीराला आणायला मी स्टँडवर धूम ठोकली. सुटत्या गाडीचा दांडा धरून चढलो, जागा मिळाली, घाम पुसला.

"कुठलं?" कंडक्टरनं विचारलं.

"गडहिंग्लज. जाती ना?"

"ना!" तो माझ्याच पेठेतला निघाला. "बिद्री!"