पायवाटेतली धार

अण्णांनी त्या दिवशी सलूनच्या खुर्चीत बसल्या बसल्या नुसतं 'बरं' म्हटलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण 'बरं' हा शब्द अण्णांच्या तोंडात कधी बसलाच नाही. माईंना हे लग्न झालं तेव्हापासून ठाऊक होतं.

झालं होतं ते एवढंच. माळा आवरताना अण्णांना त्यांच्या वडिलांचा वस्तरा सापडला. हाडाची मूठ, पात्यावर थोडा गंज. वस्तरा खिशात घालून अण्णा ऐटीत कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले आणि आज यानेच दाढी कर म्हणाले. सलूनवाल्याने पातं उघडलं, अंगठा फिरवला आणि नम्रपणे सांगितलं, की हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड असतं, आणि याने म्हणाल तर लोणीसुद्धा कापलं जाणार नाही. याला धार लावायची तर तसा दगड हवा, आणि तसे दगड आता कुणाकडे राहिलेत. शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक तोंडाला फेस असतानाही हसलं.

अण्णा गळ्यात पांढरं कापड तसंच ठेवून उठले.

"दगड मी स्वतः शोधीन. धार मी स्वतः लावीन. आणि दाढी करीन ती त्याच धारेने. तोवर या गालाला दुसरं पातं लागणार नाही, सांगून ठेवतो."

आणि ते तडक बाहेर पडले. (अर्ध्या रस्त्यातून परत जावं लागलं, कारण कापड सलूनचं होतं. पण जाताना मान ताठ होती.)

घरी आल्यावर हे सगळं ऐकून चिमीने, म्हणजे त्यांच्या लेकीने, कपाळाला हात लावला. माईंना मात्र आतून बरं वाटलं. माई नेमाधर्माच्या. चिमीच्या परीक्षेसाठी त्यांनी चहा सोडला होता, अण्णांच्या प्रमोशनसाठी साखर सोडली होती. (प्रमोशन आलं नाही, पण साखर गेली ती गेलीच, आणि गुडघे दुखायचे थांबले. माई हे देवाच्या हिशेबात जमेला धरत.) आजवर घरात नेम करणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आता हेही करताहेत म्हटल्यावर त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि यांना यश दे म्हणून हात जोडले.

मग दगड यायला लागले.

अण्णा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. आतापर्यंत साइटवर जायचं म्हटलं की त्यांची कंबर धरायची, आता ते स्वतःहून नाव द्यायला लागले. नदी, कालवा, ओढा, खाण, जिथून येतील तिथून पिशवी जड व्हायची. काळे, करडे, हिरवट, चॉकलेटी. प्रत्येक दगड ते आधी नखाने खरवडत, मग कानाशी धरून वाजवत आणि शेवटी जिभेने चाटत. जिभेला कण लागला तर तो दगड बाद, कारण असा दगड पात्याला दाते पाडतो, असं ते सांगत. माईंनी जेवायला वाढलं की विचारावं, आज भाजीत मीठ बरोबर पडलंय का, तर अण्णा म्हणत, काही कळत नाहीये, सकाळपासून चुनखडीची चव आहे.

चाटण्यात पास झालेला दगड मग ते सिमेंटच्या कोब्यावर पाणी घालघालून घासून सपाट करत. त्यावर वस्तरा फिरवत, मग चामड्यावर. चामडं म्हणजे त्यांचा पँटचा पट्टा. तो एका टोकाने खिडकीच्या गजाला बांधलेला असायचा, त्यामुळे धार लावताना अण्णांचा एक हात वस्तऱ्याला आणि दुसरा पँटला. आणि शेवटी परीक्षा. हातावरचा केस नुसत्या स्पर्शाने उडाला पाहिजे.

उडायचा नाही. ओढून, खरवडून निघायचा. असं करता करता अण्णांचे दोन्ही हात कोपरापर्यंत बाळाच्या हातांसारखे गुळगुळीत झाले आणि तोंडावर मात्र जंगल माजलं. ऑफिसात त्यांना 'साधू' म्हणायला लागले. ते रागावले नाहीत. सलूनसमोरून मात्र ते मुद्दाम दोनदा जात, दाढी कुरवाळत. सलूनवालाही दारात उभा राहून, दगड मिळाला का अण्णा, असं रोज आपुलकीने विचारी. त्या आपुलकीनेच अण्णांचं पित्त खवळायचं.

नापास दगड घरामागे रचले जात होते. ढीग माईंच्या कमरेएवढा झाला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण चिमीचं जमलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, शांत, सरळ. त्याचे वडील रिटायर्ड हेडमास्तर. मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं, की बाबांचा स्वभाव चांगला आहे, फक्त नीटनेटकेपणाचं त्यांना वेड आहे. अजून पाहुण्यांची नखं बघतात. ते रविवारी घर बघायला आणि लग्नाची तारीख ठरवायला येणार होते. चिमीने त्यांना अण्णांचा जुना फोटो पाठवला होता. गुळगुळीत गाल, त्यावर भरदार मिशी, अगदी बघत राहावं असा.

"बाबा, एक दिवस. एकच दिवस साधं ब्लेड लावा. माझ्यासाठी," चिमी म्हणाली.

अण्णांचा चेहरा पडला. ते दुसऱ्या कुणापुढे वाकले नसते, पण लेकीपुढे त्यांचं काही चालायचं नाही. त्यांनी माईंकडे पाहिलं. माईंनी सोडवावं असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलं होतं. माईंनी मान खाली घातली आणि हळूच म्हणाल्या, की चारचौघांत शब्द दिलाय, तो लेकीच्या लग्नाच्या तोंडावर मोडणं बरं नाही. होईल काहीतरी. रविवार यायचाय अजून.

चिमी दोघांकडेही न बघता आत गेली.

आणि खरंच झालं. गुरुवारी संध्याकाळी अण्णा दूध प्यायला स्वयंपाकघरात गेले. दुधाच्या पातेल्यावर झाकण, आणि मांजराने झाकण पाडू नये म्हणून झाकणावर एक दगड. हिरवट करडा, वहीएवढा, एका कोपऱ्यातून पांढरी रेघ गेलेली. अण्णांनी सवयीने उचलला आणि चाटला. मग तसेच उभे राहिले. मग आणखी एकदा चाटला.

थोड्या वेळाने ते बाहेर आले तेव्हा एका हातात वस्तरा होता आणि पायाची पोटरी एका पट्ट्यात स्वच्छ झाली होती. (हातावर केस उरले नव्हते.) नुसत्या स्पर्शाने, माई. लोण्यासारखं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. साबण काढ म्हणाले.

माईंनी साबण काढला नाही. त्या पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"अहो, पण तो दगड माझा आहे."

"मग?"

"मी आणलाय तो. चिमी लहान असताना सहलीला गेलो होतो, त्या झऱ्यापासून. तुमचा शब्द काय होता? स्वतः शोधीन."

अण्णा बराच वेळ बोलले. नवरा-बायको वेगळे असतात का, घर एक, पातेलं एक, दूध एक. हाच कायदा लावायचा तर वस्तराही वडिलांचा आहे. माई सगळं ऐकून घेत होत्या आणि हळूहळू मान हलवत होत्या, नाही अशी. नेमाला एक भोक पाडलं की त्यातून सगळा नेम गळून जातो, एवढंच त्या म्हणाल्या. पण नवऱ्याचा चेहरा त्यांना बघवेना. त्या उठल्या, दगड घेतला, मागच्या दारी गेल्या आणि त्या ढिगावर टाकून दिला.

"आता माझा नाही. उद्या ऑफिसातून आलात की शोधा. सापडला तर तुमचा."

अण्णांना हे पटलं. (रात्रभर त्यांना स्वप्नात पांढरी रेघ दिसत होती.)

शुक्रवारी सकाळी अण्णा ऑफिसला गेले आणि गवंडी आला. फाटकापासून दारापर्यंत चिखल व्हायचा, व्याह्यांचे पाय घाण होऊ नयेत म्हणून माईंनीच त्याला पायवाट करायला बोलावलं होतं. आणि त्याच दिवशी चिमीच्या लग्नासाठी माईंनी दुपारपर्यंत मौन धरलं होतं. हे दोन्ही माईंनीच ठरवलं होतं, पण एकत्र येईल हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. चिमी तर सकाळीच कामावर गेलेली.

गवंड्याने मागे चक्कर मारली आणि हरखून आला. माई, इतके सपाट दगड कुणी घासून ठेवलेत, फरशी आणायची गरजच नाही म्हणाला. आणि त्याने घमेलं भरायला घेतलं.

माईंनी दोन्ही हात हलवले. गवंड्याला वाटलं, लांब लांब लाव म्हणताहेत. त्याने लांब लांब लावले. माईंनी हात जोडले, मान जोरजोरात हलवली, दगडाकडे आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं, सगळे संपव म्हणताहेत. माईंनी छातीवर हात ठेवला. तो म्हणाला, आवडलं ना, मला वाटलंच.

एक शब्द बोलल्या असत्या तर थांबला असता. शब्द माईंच्या ओठांपर्यंत आला होता. पण कालच नवऱ्याला नेमातलं भोक समजावून सांगणाऱ्या बाईने आज स्वतः ते पाडायचं? आणि तेही लेकीच्या लग्नासाठी धरलेल्या मौनाला? माई पायरीवर बसल्या आणि पांढऱ्या रेघेचा दगड सिमेंटमध्ये जाताना डोळे मिटून घेतले. दुपारी मौन सुटलं तेव्हा पहिला शब्द 'अरेरे' होता. गवंडी तोवर घरी गेला होता.

संध्याकाळी अण्णा आले. अंधारून आलं होतं. माई काही सांगणार एवढ्यात नव्या पायवाटेवर मधोमध अण्णांना सणसणीत ठेच लागली. एक दगड किंचित वर राहिला होता. अण्णा अंगठा धरून खाली बसले, त्या दगडाला शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि पांढरी रेघ दिसली.

"सापडला," ते कळवळून म्हणाले. "मीच शोधला. माई, बघ, मीच."

माईंनी यावर नीट विचार केला. अंगठ्यातून रक्त येत होतं. शोधणं यापेक्षा खरं कसं असणार? शोधायचा नेम पुरा झाला, असं त्यांनी जाहीर केलं आणि हळद आणायला धावल्या.

राहिला प्रश्न काढायचा. शनिवारी गवंडी येऊन बघून गेला. दगड थरांचा आहे, छिन्नी लावली तर पापुद्रे सुटतील म्हणाला. अण्णा म्हणाले, मग दगड घरात येत नसेल तर मी दगडाकडे जाईन.

म्हणून रविवारी सकाळी, घर झाडून पुसून लख्ख झालेलं असताना, मुलीचे वडील पायवाटेवर पालथे पडून वस्तरा पाजवत होते. शेजारी तांब्या, पट्टा फाटकाला बांधलेला. उजेड चांगला म्हणून खुर्ची, आरसा, साबणाची वाटी सगळं अंगणातल्या झाडाखाली. सलूनवाल्याला त्यांनी मुद्दाम निरोप धाडून बोलावून घेतलं होतं, साक्षीला. तो फाटकाशी हाताची घडी घालून उभा होता. चिमीला काही सांगायचीही ताकद राहिली नव्हती.

धार लागली. अण्णांनी दाढीला सुरुवात केली आणि ती खरोखरच उतरत गेली, सायीसारखी. सलूनवाल्याने हाताची घडी सोडली. ते बघून अण्णांना इतका आनंद झाला, की त्याच्याकडे विजयाने बघता बघता अर्धी मिशी गेली. (धार खरंच उत्तम होती, कळलंसुद्धा नाही.) मग उरलेलीही काढावी लागली.

एवढ्यात व्याही आले, वेळेच्या आधी. मुलगा मिठाईच्या दुकानाशी थांबला होता, हे एकटेच पुढे आले. अख्खी रात्र प्रवास झालेला, गालांवर पांढरे खुंट. फाटकातून बघतात तर झाडाखाली खुर्ची, आरसा, आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक बिनमिशीचा माणूस वस्तरा पुसतोय. मुलीकडच्यांनी पाहुण्यांसाठी केवढी सोय केली आहे, असं त्यांच्या मनात आलं. ते खुर्चीत बसले आणि हनुवटी वर केली.

"जरा हलक्या हाताने."

अण्णांना एकदा वाटलं, सांगावं. पण सलूनवाल्याच्या डोळ्यांदेखत पहिलं गिऱ्हाईक चालून आलेलं, त्याला नाही म्हणायचं? त्यांनी फेस केला.

माई पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आल्या तेव्हा अर्धं काम झालं होतं आणि पाहुणे विचारत होते, की मुलीचे वडील दिसत नाहीत, फोटोतले ते मिशीवाले गृहस्थ.

माईंनी ट्रे खुर्चीशेजारी टेकवला. "अहो, हेच ते," त्या म्हणाल्या. कुणाबद्दल कुणाला म्हणाल्या, ते त्यांनाही कळलं नाही.

व्याह्यांनी एक डोळा उघडून वस्तऱ्याकडे पाहिलं, मग अण्णांकडे. मग सावकाश डोळा मिटला.

"आता अर्ध्यावर सोडू नका," ते म्हणाले.

पुढे सगळं छान झालं. मुलगाही मिठाई घेऊन पोचला. व्याह्यांनी घर पाहिलं, पायवाट पाहिली, नेमाची हकीकत ऐकली, दगडाला हात लावून पाहिला, आणि असा शब्दाचा पक्का माणूस बघितला नाही म्हणाले. चिमीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तारखेचा विषय निघाला तेव्हा मात्र व्याह्यांनी हनुवटीवरचा कापूस चाचपला, गालावरचा चाचपला, कानाजवळचा चाचपला आणि सांगितलं, की हे सगळं भरून आलं की बघू, फोटो काढायचे असतात.

"धारेचा दोष नाही," अण्णा छाती काढून म्हणाले.

"मुळीच नाही," फाटकापाशी चप्पल घालत सलूनवाला म्हणाला. "दगड फार चांगला शोधलात अण्णा. आता तसाच एक हात शोधा."

अण्णा उसळले. हातही तयार करीन म्हणाले. लग्नापर्यंत रोज एक दाढी करीन, माझी नाही तर दुसऱ्या कुणाची. आणि त्यांची नजर अंगणभर फिरत फिरत होणाऱ्या जावयाच्या कोवळ्या गालांवर येऊन थांबली.

मुलगा शांत, सरळ. मिठाईचा पुडा त्याने छातीशी धरला.

"मी लग्नापर्यंत दाढी वाढवणार आहे," तो म्हणाला. "नेमच केलाय."

माईंना तो त्या क्षणी पोटच्या पोरासारखा वाटला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आता मध्येच मोडायचा नाही हं, बाळा."